मोडेम स्वतःचा, परवाना दुसऱ्याचा : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

१९ फेब्रुवारी २०२५ रोजी अ‍ॅपलने ‘आयफोन १६ई’ जाहीर केला आणि त्यात ‘सी१’ हा स्वतः घडवलेला मोडेम (फोनला मोबाइल जाळ्याशी जोडणारी चिप) प्रथमच बसवला. त्यानंतरच्या बहुतेक बातम्यांचा सूर असा होता, की क्वालकॉम या अमेरिकी चिप कंपनीवरचे अ‍ॅपलचे अवलंबित्व आता संपत आले. हे निम्मेच खरे आहे. क्वालकॉमला फोन कंपन्यांकडून दोन वाटांनी पैसे मिळतात : चिपा विकून आणि पेटंटांचा परवाना देऊन. स्वतःचा मोडेम केला म्हणजे पहिली वाट बंद होते. दुसरीला त्याने धक्का लागत नाही, कारण मोडेम कोणीही बनवलेला असला तरी तो थ्रीजी, फोरजी, फाइव्हजीच्या ठरलेल्या मानकांप्रमाणेच चालवावा लागतो आणि त्या मानकांमध्ये क्वालकॉमची पेटंटे गोवलेली आहेत. या दोन वाटा एकमेकींत अशा गुंतवल्या गेल्या की अनेक देशांच्या नियामकांना आणि डझनभर न्यायालयांना त्या सोडवता आल्या नाहीत. वादाचे मूळ तिथे आहे.

क्वालकॉम १९८५ साली सॅन दिएगोमध्ये स्थापन झाली. सीडीएमए या मोबाइल संदेशवहनाच्या तंत्राचा तिने पाठपुरावा केला आणि सुरुवातीला हँडसेट, टॉवरची उपकरणे व चिपा असे सगळेच बनवले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिने टॉवरचा धंदा एरिक्सनला आणि हँडसेटचा क्योसेराला विकला. हातात ठेवल्या त्या चिपा आणि पेटंटे. महाराष्ट्रात २००३ साली ५०१ रुपये भरून घेतलेले, सिमकार्ड नसलेले रिलायन्सचे फोन अनेकांना आठवत असतील. ते याच तंत्रावर चालत. आपल्याकडे आणि बहुतेक जगात सीडीएमए जीएसएम या प्रतिस्पर्धी तंत्रापुढे मागे पडले खरे, पण थ्रीजीचे मानक ठरले तेव्हा जीएसएमच्या गोटानेही सीडीएमएचाच पाया स्वीकारला. त्यामुळे बाजारात हरलेल्या तंत्राची मालक कंपनी पुढच्या पिढीच्या प्रत्येक फोनवर रॉयल्टी मागू लागली. मानकात आपले पेटंट येऊ देणाऱ्या कंपनीने त्याचा परवाना योग्य, वाजवी आणि भेदभावरहित अटींवर द्यावा, असे बंधन मानके ठरवणाऱ्या संस्थांनी तोवर घातले होते. वाजवी म्हणजे किती, हे मात्र त्यांनी कोठेही लिहिले नाही. ते दोन्ही पक्षांनी बोलणी करून ठरवावे, अशी अपेक्षा होती.

क्वालकॉमचा शिरस्ता असा, की ज्या फोन कंपनीने पेटंटांचा परवाना घेतलेला नाही तिला मोडेम विकायचाच नाही. अमेरिकी पेटंट कायद्यानुसार, पेटंट असलेली वस्तू मालकाने एकदा विकली, की त्या वस्तूवरचा त्याचा पेटंटचा हक्क संपतो आणि पुढच्या खरेदीदाराकडून त्याच वस्तूपोटी पुन्हा पैसे घेता येत नाहीत. २००८ साली एलजी आणि क्वांटा यांच्यातील दाव्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व आणखी ठामपणे मांडले. तेव्हा जो मोडेम विकतो त्यानेच त्यातील पेटंटांची रॉयल्टी वेगळी मागायची, तर करारांची मांडणी बारकाईने करावी लागते. आधी परवाना आणि मग चिप हा क्रम त्यासाठी होता. मीडियाटेक, इंटेल यांसारख्या स्पर्धक चिपनिर्मात्यांना पूर्ण परवाना न देण्याचे कारणही तेच. त्यांना परवाना दिला असता तर त्यांच्या चिपेबरोबर तो हक्क संपला असता आणि फोन कंपनीकडे मागण्यासारखे काही उरले नसते. २०१२ च्या पुनर्रचनेत चिपांचा धंदा उपकंपनीकडे आणि परवान्यांचा मूळ कंपनीकडे अशी फोड झाली.

या सगळ्या वादातली खरी मेख रॉयल्टीच्या टक्केवारीत नाही. ती टक्केवारी कशावर मोजायची यात आहे. क्वालकॉम फोनच्या घाऊक विक्रीकिमतीवर आकारणी करत आली. फोन कंपन्यांचे म्हणणे असे, की पेटंटे मोडेममध्ये वापरली जातात, म्हणून मोडेमची किंमत हाच आधार असला पाहिजे. फरक किती पडतो, हे २०१९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील सुनावणीत अ‍ॅपलच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या साक्षीतून दिसले. अ‍ॅपलला ३० डॉलरच्या मोडेमवर ५ टक्के, म्हणजे फोनमागे दीड डॉलर द्यावा असे वाटत होते. सवलत धरून प्रत्यक्षात तिने फोनमागे साडेसात डॉलर दिले. टक्केवारी तीच ठेवून आधार बदलला, की रक्कम पाचपट किंवा त्याहूनही जास्त होते.

हाच हिशेब भारतातही मांडला गेला, आणि तोही अ‍ॅपलच्या त्या साक्षीच्या पाच वर्षे आधी. मानकांत अशीच पेटंटे असलेल्या एरिक्सनने मायक्रोमॅक्स या भारतीय फोन कंपनीविरुद्ध दिल्लीत पेटंटांचा दावा लावल्यावर मायक्रोमॅक्सने स्पर्धाविषयक नियामकाकडे तक्रार केली. नोव्हेंबर २०१३ च्या चौकशीच्या आदेशात नियामकाने उदाहरण दिले : जीएसएमची तीच चिप १०० रुपयांच्या फोनमध्ये घातली तर रॉयल्टी सव्वा रुपया, आणि हजार रुपयांच्या फोनमध्ये घातली तर साडेबारा रुपये. फोनचा पडदा मोठा केला, कॅमेरा चांगला लावला, साठवण वाढवली, की त्या सुधारणेशी काडीचा संबंध नसलेल्या पेटंटमालकाचा वाटा आपोआप वाढतो. आक्षेपाचा गाभा हाच आहे आणि तो अद्याप कोणी समाधानकारकपणे खोडून काढलेला नाही.

पेटंटमालकांची बाजू अगदीच पोकळ आहे, असे मात्र नव्हे. त्यांचे म्हणणे असे, की पेटंटे केवळ चिपेत नसतात; टॉवर, फोन आणि त्यांच्यामधील संदेशांची देवाणघेवाण अशा संपूर्ण व्यवस्थेवर ती असतात. शिवाय महागड्या फोनचा कॅमेरा आणि पडदा यांना मोल येते ते चित्रफीत क्षणात पाठवता येते म्हणूनच. मोडेमची किंमतही फसवी असते, कारण ती ठरवताना संशोधनाचा खर्च त्यात धरलेला नसतो. ५ टक्क्यांच्या आसपासचे आणि फोनच्या किमतीवरचे परवाने क्वालकॉमने स्मार्टफोन येण्याच्या कितीतरी आधी, तिच्या हाती बाजाराची सत्ता नव्हती तेव्हापासून दिले आहेत, हा तिचा सर्वांत भक्कम मुद्दा. तरीही या भूमिकेतली एक अडचण तिच्याच व्यवसायबंधूंनी उघडी पाडली. एरिक्सनने २०१७ मध्ये फाइव्हजी फोनमागे अडीच ते पाच डॉलर, नोकियाने २०१८ मध्ये कमाल ३ युरो आणि हुआवेने २०२१ मध्ये कमाल अडीच डॉलर असे दर जाहीर केले. म्हणजे ठरावीक रकमेत किंवा मर्यादेत परवाना देणे अशक्य नाही. क्वालकॉमनेही फाइव्हजीसह अनेक पिढ्या चालवणाऱ्या फोनच्या मानकावश्यक (मानक पाळताना टाळताच न येणाऱ्या) पेटंटांसाठी ३.२५ टक्के दर ठेवताना हिशेबाची किंमत ४०० डॉलरवर थांबवली. त्यामुळे फोन कितीही महाग असला तरी जाहीर दराने रक्कम १३ डॉलरपुढे जात नाही. फोनची सगळी किंमत हाच न्याय्य आधार असेल, तर मर्यादा कशासाठी, हा प्रश्न मग उरतोच.

चीनच्या नियामकाने २०१५ मध्ये मधला मार्ग काढला. क्वालकॉमला केलेल्या ६०८.८ कोटी युआन दंडाबरोबरच, चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या फोनची ६५ टक्केच किंमत हिशेबात धरावी, असे ठरले. दक्षिण कोरियाने डिसेंबर २०१६ मध्ये १.०३ लाख कोटी वॉनचा दंड केला. युरोपाने २०१८ मध्ये ९९.७ कोटी युरोचा दंड लावला, पण तो अ‍ॅपलला केवळ क्वालकॉमचेच मोडेम घेण्याच्या बदल्यात दिलेल्या पैशांसाठी होता, आणि २०२२ मध्ये तेथील न्यायालयाने तो रद्दही केला.

अ‍ॅपलचा मामला त्यातल्या त्यात आडवळणाचा होता. पहिल्या आयफोनमध्ये जर्मनीच्या इन्फिनिऑनचा मोडेम होता. क्वालकॉमचा मोडेम २०११ मध्ये आला. रॉयल्टी अ‍ॅपल थेट देतच नसे. फॉक्सकॉन, पेगाट्रॉन यांसारख्या जोडणी करणाऱ्या कंपन्यांकडे परवाने होते. त्या पैसे भरत आणि अ‍ॅपल त्यांना ते परत देई. शिवाय केवळ आपलेच मोडेम वापरावेत म्हणून क्वालकॉम अ‍ॅपलला काही रक्कम परत करत असे. एका हाताने घ्यायचे, दुसऱ्या हाताने थोडे द्यायचे, असा हा व्यवहार होता. २०१६ च्या आयफोन ७ च्या काही प्रकारांत इंटेलचा मोडेम आला. इन्फिनिऑनचा मोबाइल विभाग इंटेलने १४० कोटी डॉलरला घेतलेला होता, त्यामुळे जुनीच चूल नव्या घरात पेटली, असे म्हणता येईल. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी व्यापार नियामकाने क्वालकॉमवर दावा ठोकला आणि तीनच दिवसांनी अ‍ॅपलनेही. कोरियातील चौकशीत मदत केल्याबद्दल क्वालकॉमने सुमारे १०० कोटी डॉलर अडवून ठेवले, अशी अ‍ॅपलची तक्रार होती. काही महिन्यांत जोडणी कंपन्यांनी रॉयल्टी थांबवली. मग क्वालकॉमच्या दाव्यांवरून जर्मनी आणि चीनमध्ये काही आयफोनांवर विक्रीबंदी आली. २०१८ च्या सगळ्या नव्या आयफोनांत इंटेलचेच मोडेम होते. क्वालकॉमने त्या वर्षासाठी चिपा देण्यास नकार दिला, असे अ‍ॅपलच्या अधिकाऱ्याने साक्षीत सांगितले.

स्वतःचा मोडेम करण्याची कल्पना इथे बळावली; मात्र ती वाट आधीच पडलेल्यांनी भरलेली होती. नोकियाने आपला मोडेम विभाग २०१० मध्ये रेनेसासला विकला, त्यातला फोरजीचा भाग २०१३ मध्ये ब्रॉडकॉमकडे गेला आणि ब्रॉडकॉमने पुढच्याच वर्षी हा धंदा सोडला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, फ्रीस्केल, एसटी-एरिक्सन बाहेर पडल्या. एन्व्हिडियाने त्यासाठी एक कंपनी विकत घेऊन चार वर्षांत ते काम गुंडाळले. कारण असे, की मोडेमला टूजीपासून फाइव्हजीपर्यंत सगळ्या पिढ्या, डझनावारी वारंवारिता-पट्टे आणि प्रत्येक देशातील टॉवरबनावटीच्या खोडी सांभाळाव्या लागतात. धावत्या गाडीत एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना कॉल तुटला, तर ग्राहक फोनला शिव्या घालतो. स्वतःच्या फोनांसाठी मोडेम बनवणाऱ्यांत टिकल्या त्या सॅमसंग आणि हुआवे, आणि दोघींनीही क्वालकॉमशी परवान्याचा हिशेब ठेवलाच. हुआवेने २०२० मध्ये थकबाकीसह १८० कोटी डॉलर मोजले. स्वतःचा मोडेम म्हणजे रॉयल्टीतून सुटका नव्हे, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणार नाही.

१६ एप्रिल २०१९ रोजी सॅन दिएगोच्या न्यायालयात ज्यूरीपुढे वकिलांची सुरुवातीची निवेदने चालू असतानाच तडजोडीची बातमी आली. सर्व दावे मागे, सहा वर्षांचा थेट परवाना, त्यात दोन वर्षे वाढवण्याची मुभा आणि चिपांच्या पुरवठ्याचा करार. त्याच दिवशी इंटेलने फोनच्या फाइव्हजी मोडेममधून माघार जाहीर केली. जुलैत अ‍ॅपलने इंटेलचा हा विभाग सुमारे २,२०० कर्मचाऱ्यांसह १०० कोटी डॉलरला घेतला. या व्यवहारानंतर अ‍ॅपलकडची बिनतारी तंत्राची पेटंटे १७,००० हून अधिक झाली. त्याआधी मे महिन्यात सॅन होजेच्या न्यायाधीशांनी २३३ पानी निकालात क्वालकॉमची पद्धत स्पर्धाविरोधी ठरवून स्पर्धक चिपनिर्मात्यांनाही परवाने द्यावेत, असा आदेश दिला होता. ऑगस्ट २०२० मध्ये अपिलातील तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो पूर्णपणे फिरवला. परवाना कोणाला द्यायचा हा स्पर्धा कायद्याचा प्रश्न नाही. मानकसंस्थेला दिलेले वचन मोडले असेल तर दाद करार आणि पेटंट कायद्याखाली मागावी, असे पीठाने सांगितले. कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगत असेल, पण रॉयल्टीचा आधार काय असावा हा प्रश्न त्यामुळे जिथल्या तिथे राहिला.

भारतातही निकालांचा कल त्याच दिशेला गेला. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये अशा वादांत पेटंट कायदा वरचढ ठरवून स्पर्धा नियामकाची एरिक्सनविरुद्धची चौकशी रद्द केली, आणि मार्च २०२४ मध्ये लावा या भारतीय फोन कंपनीने एरिक्सनला २४४ कोटी रुपये द्यावेत, असा आदेश दिला.

अ‍ॅपलचा मोडेम मात्र लांबतच गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये तिला क्वालकॉमशी २०२६ पर्यंतच्या फोनांसाठी पुरवठ्याचा नवा करार करावा लागला. ‘सी१’ आला तेव्हा ५५ देशांतील १८० सेवा कंपन्यांच्या जाळ्यावर तो तपासल्याचे सांगण्यात आले. अमेरिकेत वापरली जाणारी मिलिमीटर लहरींची (अतिवेगवान, पण आखूड पल्ल्याची) फाइव्हजी त्यात नव्हती. सप्टेंबर २०२५ च्या आयफोन एअरमध्ये सुधारित ‘सी१एक्स’ आला, पण त्याच दिवशी जाहीर झालेल्या आयफोन १७ मध्ये मोडेम क्वालकॉमचाच होता. परवान्याची मुदत दरम्यान मार्च २०२७ पर्यंत वाढवण्यात आली आहे. पुढच्या परवान्याच्या बोलण्यांना बसताना अ‍ॅपलकडे इंटेलकडून आलेल्या पेटंटांचा गठ्ठा असेल, आणि करार फिसकटला तर पुढच्या वर्षीच्या फोनसाठी चिपा मिळणार नाहीत, ही २०१८ सालची धास्ती नसेल.