अधिक-उणे १२ व्होल्ट : सेपिक की चुक?

श्रावणात भजनी सप्ताह सुरू असावा, बाहेर पाऊस, आणि दिवे जावेत. गोव्यात हे नवीन नाही. म्हणून मंडळाचा छोटा मिक्सर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालला पाहिजे, अशी अपेक्षा असते. आतल्या ऑप-ॲम्पना (सिग्नल मोठा करणाऱ्या चिप्सना) मात्र +१२ आणि −१२ असे दोन्ही व्होल्टेज लागतात. त्यात बॅटरी चार्जरवर असताना १४.४ व्होल्ट देते आणि उतरली की ११ च्याही खाली येते. व्होल्टेज फक्त उतरवणारा बक किंवा फक्त चढवणारा बूस्ट कन्व्हर्टर इथे पुरत नाही. उरतात चढवणं-उतरवणं दोन्ही जमणारी दोन सर्किटं, सेपिक आणि चुक, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

दोघांची कुळी एकच. दोन्ही सर्किटं १९७०च्या दशकात अमेरिकेत पुढे आली, आणि चुक हे तर संशोधकाचंच आडनाव. कागदावर शेजारी काढून पाहा : बॅटरीकडून येणारी कॉइल, ग्राउंडला जाणारा मॉसफेट (झपाट्याने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि मधला कॅपॅसिटर, इथपर्यंत काही फरक नाही. पुढे सेपिकमध्ये कॉइल ग्राउंडला असते आणि डायोड आउटपुटकडे. चुकमध्ये डायोड ग्राउंडला, कॉइल आउटपुटकडे. एवढी अदलाबदल केली की व्होल्टेज धनाचं ऋण होतं. आकडा मात्र तोच राहतो : इनपुट गुणिले ड्यूटी (दर फेरीत मॉसफेट चालू असण्याचा वाटा), भागिले एक वजा ड्यूटी. १२ वरून १२ हवे तर ड्यूटी ५० टक्के.

मग निवड करायचीच कशाला? पहिली कॉइल आणि मॉसफेट सामाईक ठेवा, तिथून दोन कॅपॅसिटर काढा. एक फाटा सेपिकचा, दुसरा चुकचा. मॉसफेट चालवणाऱ्या कंट्रोलर चिपला फीडबॅक (आउटपुटचं मोजमाप) + बाजूचा द्या, म्हणजे ऋण व्होल्टेज उलटवून घ्यायची कटकटही नाही. मिक्सरसाठी मी हेच करीन. ट्रान्सफॉर्मरवाला फ्लायबॅक कन्व्हर्टरही चालतो, पण बॅटरीवर आयसोलेशनची (इनपुट-आउटपुट विजेने वेगळे ठेवण्याची) गरज नसताना ट्रान्सफॉर्मर गुंडाळत कोण बसणार!

दोन कॅपॅसिटर मात्र एकसारखे समजू नका. सेपिकच्या कॅपॅसिटरवर फक्त इनपुट व्होल्टेज असतं, जास्तीत जास्त १४.४. चुकच्या कॅपॅसिटरवर इनपुट आणि आउटपुटची बेरीज येते : २६.४. एकाच पाकिटातले २५ व्होल्टचे दोन्हीकडे लावले तर चुकचा मर्यादेबाहेर गेलाच. तिथे ५० व्होल्टचा सिरॅमिक घ्या. सगळा प्रवाह त्यातूनच जातो, साधा इलेक्ट्रोलिटिक तापतो. मॉसफेटवरही तीच बेरीज येते, वर स्पाइक (क्षणिक उसळ्या) वेगळे.

आवाजाच्या दृष्टीने चुक सरस. त्याचा आउटपुट कॉइलमधून येतो, म्हणून रिपल (व्होल्टेजमधली लहर) कमी. सेपिकचा डायोड झटक्याझटक्याने प्रवाह सोडतो. तेव्हा + बाजूला एक छोटी कॉइल आणि कॅपॅसिटर जास्तीचा लावावाच.

खरी अडचण लोडची. कंट्रोलर फक्त + कडे बघतो, − त्याच्यामागून येतो. दोन्हीकडे साधारण सारखा प्रवाह असेल तोवर ठीक. पण − बाजू जवळजवळ रिकामी राहिली तर तिथलं व्होल्टेज वर चढतं. मिक्सरमध्ये हे हमखास घडतं, कारण लेव्हल दाखवणारे सगळे एलईडी + वरच टांगलेले असतात. त्यापेक्षा रेझिस्टरसकट ते + आणि − च्या मध्ये लावा. २४ व्होल्ट मिळतात, तीन-चार एलईडी एका माळेत बसतात आणि दोन्ही बाजूंना प्रवाह सारखाच पडतो.