घरचा आणि कॉलेजचा इतिहास जुन्या सरकारी दप्तरात इतका अवघड का सापडतो : थोडी पार्श्वभूमी

इतिहासात एमए, पीएचडी करणारी मुलंमुली हल्ली स्वतःच्या घरचा नाहीतर स्वतःच्या कॉलेजचा जुना इतिहास शोधायला लागलीत. साधी शेतकऱ्यांची, बलुतेदारांची, कारकुनांची घरं. फार चांगलं काम आहे आणि त्याला म्हणावा तितका मान मिळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पण यातले बहुतेक जण सुरुवातीलाच एका ठिकाणी अडतात, कागद ढिगाने आहेत पण आपल्या माणसाचं नाव कुठल्या रुमालात, म्हणजे कागद बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यात, असेल हे सांगणारं कोणी नाही. हे असं का झालं ते थोडं मागे जाऊन बघावं लागतं.

मुळात कागद जपले गेले ते हक्कासाठी. १८१८ नंतर पेशव्यांचं दप्तर, म्हणजे त्यांच्या कारभाराचे सगळे कागद, इंग्रजांकडे गेलं, पुढे १८५२ चा कायदा करून इनामं तपासायला कमिशन बसलं आणि कोणाचं इनाम खरं, कोणाचं खोटं हे ठरवण्यासाठी वतनदारांच्या घरचे कागदही सरकारात जमा झाले. म्हणून वतन असलेलं घर आज दप्तरात सापडतं, आणि त्या घरात भाऊबंदकी झाली असेल तर अजूनच सोपं, कारण वतनाच्या तंट्यात करीना, म्हणजे आपल्या हक्काची हकीकत, लिहून द्यावा लागायचा आणि त्यात तीन-चार पिढ्यांची नावं येतात. ज्याच्याकडे वतन नाही, इनाम नाही, तो दिसला तर दंडाच्या, मजुरीच्या नाहीतर देण्याघेण्याच्या यादीत एका ओळीपुरता.

१८९१ मध्ये पुण्यात या सगळ्यासाठी दगडी इमारत उभी राहिली, तेच आजचं पेशवे दप्तर. तीस हजारांहून जास्त रुमाल. पण इमारत झाली म्हणजे दार उघडलं असं नाही. कितीतरी वर्षं मोजक्या लोकांनाच आत जाता यायचं, १९१० ला पुण्यात इतिहास संशोधकांचं मंडळ निघालं तरी त्या मंडळींसाठी दप्तर बंदच, सरकारला धास्ती होती की जुने हक्कांचे कागद बाहेर आले तर लोक दावे घेऊन येतील. शेवटी मागणी फार वाढल्यावर सरकारने दप्तर खुलं करायच्या ऐवजी एक संपादक नेमला, गो. स. सरदेसाई, बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, अभ्यास दांडगा, आणि त्यांच्या हाताखाली छोटी टीम. १९३० ते १९३४ एवढ्या थोड्या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापून झाले. कामाचा झपाटा खरंच थक्क करणारा आहे, ते कोणी नाकारू नये.

वाद झाला तो वेगळ्या गोष्टीवर. पुण्यातल्या संशोधकांचं म्हणणं होतं की निवड कोणी एकाने करायचीच का, सगळ्यांना आत सोडा, ज्याला जे हवं ते तो शोधेल. दुसऱ्या बाजूचं म्हणणं की मोडी लिपीतल्या कागदांचा एवढा डोंगर आधी कोणीतरी चाळून दिल्याशिवाय कोणालाच काही सापडणार नाही. दोन्हीत तथ्य होतं, पण मला स्वतःला पहिली बाजू जास्त पटते, कारण निवड करताना महत्त्वाचं काय याचं उत्तर ठरलेलं होतं, स्वाऱ्या, तह, दरबारातलं राजकारण, सरदारांची पत्रं. सामाजिक आणि खाजगी विषयांचे काही खंड आहेत, पण खाजगी म्हणजे तेही मुख्यतः पेशव्यांचंच घर. जमाखर्च, गावचे हिशेब, कारखान्यांच्या (म्हणजे तेव्हाच्या सरकारी खात्यांच्या) आणि नोकरांच्या याद्या, म्हणजे जिथे तुमचा-आमचा खापरपणजा असण्याची शक्यता जास्त, तो भाग बहुतेक न छापता राहिला. पुढे दार उघडलं तरी पुढच्या पिढ्यांचे प्रबंध त्या छापील खंडांवरच उभे राहिले, कारण छापलेलं देवनागरीत होतं आणि उरलेलं मोडीत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, वर साल अरबी शब्दांत, ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असं, म्हणजे आधी सुहूर सन ११७२ काढा आणि त्यावरून १७७१-७२ पर्यंत या. शाळेतून मोडी गेल्यावर हे वाचणार कोण?

कॉलेजांचं अजून वेगळं. डेक्कन कॉलेजची सुरुवात १८२१ च्या संस्कृत पाठशाळेपासून धरतात, पेशवेकाळात ब्राह्मणांना द्यायच्या दक्षिणेच्या पैशातून चाललेली. ते १९३४ मध्ये सरकारने बंद केलं, माजी विद्यार्थी कोर्टात गेले आणि १९३९ ला संशोधन संस्था म्हणून ते परत सुरू झालं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे कारण त्यात सरकार आहे, कोर्ट आहे, देणगी आहे. पण तिथे बाकावर बसलेली मुलं कोण होती ते गौरवग्रंथात मिळत नाही, त्यासाठी रजिस्टरच उघडावं लागतं. एका ओळीची किंमत काय असते ते साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरने दाखवलंय, ७ नोव्हेंबर १९००, अनुक्रमांक १९१४, भिवा रामजी आंबेडकर. ती ओळ राहिली म्हणून आज ती तारीख राज्यात विद्यार्थी दिवस आहे. त्याच्या वरखाली ज्यांची नावं आहेत ती पोरंसुद्धा कोणाचे तरी आजोबा-पणजोबा आहेत.

गेल्या काही वर्षांत मराठा आरक्षणाच्या मागणीवरून कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली आणि एकदम सगळ्यांना जुन्या रजिस्टरांची आठवण झाली. जातीच्या दाखल्यासाठी शाळांचे १९६७ च्या आधीचे प्रवेश-निर्गम उतारे, जन्म-मृत्यूच्या नोंदी, मराठवाड्यासाठी पार हैदराबादचे निजामकालीन कागद. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना कधी नव्हे ती मागणी आली. स्कॅनिंगही झालं, ते उत्तमच. पण परत तेच, शोध हक्कासाठी आणि तोही जातीच्या एका रकान्यापुरता. त्याच पानावर बापाचा धंदा, आधीची शाळा, शाळा सोडल्याचं कारण असे रकाने असतात, ते कोणी टिपून घेतलेत असं दिसत नाही.

बायकांचा शोध तर सगळ्यात अवघड. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्यांमध्ये पुरुषांच्या पिढ्या नीट मिळतात, बाई आली तर कोणाची तरी बायको किंवा आई म्हणून. कॉलेजच्या रजिस्टरात ती माहेरच्या नावाने, नंतर नोकरीच्या कागदात सासरच्या, आणि दोन्ही जोडणारा कागद बहुतेक घरातच असतो, लग्नपत्रिका नाहीतर जुनं पत्र. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की अर्काइव्हला जायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांकडून माहेरची नावं आणि गावं लिहून घ्या. आणि ज्या कॉलेजांकडे जुनी जनरल रजिस्टरं, म्हणजे प्रवेशाची रजिस्टरं, अजून शाबूत आहेत त्यांनी ती स्कॅन करताना जातीसोबत माहेरचं नाव, बापाचा धंदा आणि गाव यांचीही सूची करावी, एकदाच पानं उलटायचीत.