कटरवाला (झाडं पाडायचा धंदा)

कटरवाला म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या चेन सॉनं झाडं पाडणारा माणूस. सातारा-सांगलीकडं मशीनलाही कटर म्हणतात आणि ते चालवणाऱ्यालाही, त्यामुळं "कटर आणलाय का" असं विचारलं तर नक्की काय विचारलंय ते समोरच्यानं समजून घ्यायचं. आधी हेच काम कुऱ्हाडीवर आणि दोघांनी समोरासमोर बसून ओढायच्या करवतीवर चालायचं. गोष्टीतल्या लाकूडतोड्याची कुऱ्हाड पाण्यात पडली तर देव सोन्याची घेऊन वर येतो, इथं कटर विहिरीत पडला तर हप्ते मात्र चालू राहतात.

कामं तऱ्हेतऱ्हेची. सांगलीच्या ऊसपट्ट्यात बांधावरच्या झाडाची सावली उसावर पडते म्हणून बोलावणं येतं. कुठं सुबाभूळ किंवा निलगिरी लावलेली असते ती काढायची असते, कुठं घरावर फांदी आलेली असते, आणि वळवाच्या पावसात रस्त्यावर आडवं झालेलं झाड हे तर रात्री-अपरात्रीचं काम. पश्चिमेला जावळी, पाटण, महाबळेश्वरकडं गेलं की गोष्ट वेगळी, तिथं कोयना अभयारण्य, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, महाबळेश्वर-पाचगणीचं इको सेन्सिटिव्ह झोन असं सगळं आहे, तिथं नुसतं मशीन घेऊन फिरणारा नवखा लवकरच अडकतो.

या धंद्याला आपल्याकडं कोर्स करून कोणी येत नाही. परदेशात झाडांची निगा राखणारे आणि झाडावर चढून काम करणारे यांचा मोठा व्यवसाय आहे, तिथली इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर 1924 पासून आहे आणि तिचं सर्टिफिकेट हवं तर साधारण 3 वर्षांचा अनुभव दाखवून परीक्षा द्यावी लागते. इथं सर्टिफिकेट म्हणजे कुणाच्या तरी टोळीत घुसणं. टोळीत एक कटर चालवणारा, एक वर चढणारा, दोर धरायला दोघं-तिघं आणि ट्रॅक्टरवाला. नवीन पोरगं फांद्या ओढतं, फाटी रचतं, दोर गुंडाळतं, आणि हे काही दोन-चार दिवस नाही, बरेच महिने चालतं. पोरांना ते कमीपणाचं वाटतं पण पडणारं झाड कसं वागतं ते खालून बघूनच कळतं, असं माझं मत.

मशीनची ओळख पेट्रोल मिसळण्यापासून होते. इंजिन टू स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल घालायचं, चांगलं ऑइल असेल तर बहुतेक मशीनला 1 लिटरला 20 मिली. घाईत नुसतं पेट्रोल ओतलं की पिस्टन धरतो आणि मालकाच्या शिव्या वेगळ्या. चेनचं ऑइल निराळं, त्याची टाकी निराळी. मग गोल कानशीनं दात लावायला, म्हणजे चेनच्या दातांना धार करायला, शिकायचं, आणि दात लागलेत का ते भुशावरून ओळखायचं. धारदार चेन लाकडाचा चांगला जाडसर कीस काढते, पिठासारखा बारीक भुसा उडायला लागला की चेन बोथट झाली, आता जोर लावून दाबण्यात अर्थ नाही, थांबून कानस घ्यायची.

खरं काम कापण्याआधीचं आहे. झाडाचा झोक कुणीकडं, फांद्यांचं वजन कुठल्या अंगाला, वारा, खोड आतून पोकळ आहे का (कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं ठोकून आवाज ऐकतात), वर वाळकी फांदी अडकलीय का, मोहळ आहे का. मग ज्या बाजूला पाडायचं तिकडं आधी खाच घ्यायची, खोडाच्या जाडीच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा. नंतर मागून, खाचेच्या थोडं वर, काप घालत यायचं पण आरपार जायचं नाही. मध्ये जाडीच्या दहाव्या हिस्स्याएवढी पट्टी राहू द्यायची, तीच बिजागरी, तिच्यावरच झाड वळून पडतं. ती कापून टाकली की झाड आपल्या ताब्यात राहत नाही. लाकूड चेन दाबून धरायला लागलं तर मागच्या कापात पाचर ठोकायची. आणि पळायची वाट, मागं तिरकी, आधीच साफ केलेली पाहिजे, कारण झाड कर्रर्र करायला लागल्यावर पायात फांद्या शोधत बसता येत नाही. झोकदार झाड घाईनं कापलं तर खोड मधोमध उभं चिरतं आणि बुंधा मागं उसळतो, जुनी माणसं याला सगळ्यात जास्त घाबरतात.

आमच्या गोठ्यामागचा लिंब काढायला एकाला बोलावलेला. सकाळी आला, झाडाभोवती चार चकरा मारल्या, वरनं जाणारी लाइटची तार बघितली आणि कट्ट्यावर बसला. आज्जी तिसऱ्यांदा चहा देताना म्हणाली, "चहा प्यायला आलायस का काय रं?" तो म्हणाला, "आज्जी, तारंत करंट हाय, आन घरात माझी बायकू हाय. आधी लाइट बंद करा, मग मशीन चालू." वायरमन आला दुपारी चारला. लिंब पडला वीस मिनिटांत. आज्जी अजून म्हणती त्यानं दिवस फुकट घालवला.

अंगावर काय घालायचं तर हेल्मेट, तोंडावर जाळी, कानाला मफ, बूट आणि चेन सॉची खास पँट, जिच्यातले लांब धागे चेनमध्ये गुंतून मशीन जाग्यावर थांबवतात. प्रत्यक्षात स्लीपर आणि डोक्याला टॉवेल. फुल रेसला चेन सेकंदाला साधारण 20 मीटर पळते, आणि चेन जिच्यावर फिरते त्या लोखंडी पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की मशीन उलटं तोंडावर येतं.

कागदाचा भाग कंटाळवाणा आहे पण नवख्याला तिथंच फटका बसतो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आंबा, चिंच, फणस, जांभूळ, हिरडा, साग, चंदन, खैर वगैरे झाडं आहेत, ती स्वतःच्या रानातली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. शहरात 1975 चा वेगळा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण, 2021 पासून 50 वर्षं आणि त्यावरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून जादा संरक्षण. लाकूड हलवायचा पास अजून वेगळा. "माझंच झाड हाय, तू तोड" म्हणणाऱ्या मालकाइतकाच तोडणाराही यात सापडतो, म्हणून शहाणा कटरवाला आधी कागद मागतो.

लोकांचाही कायदा असतो. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा जुना वड 2020 मध्ये हायवेत जाणार होता, लोक उभे राहिले आणि रस्ताच थोडा सरकवावा लागला. उंबराचं तर विचारूच नका, कृष्णाकाठचं औदुंबर हे दत्ताचं क्षेत्र जवळ असल्यावर दत्ताच्या झाडाला कटर लावायला पैसे वाढवून दिले तरी पुष्कळ जण तयार होत नाहीत.

व्यवहार हजेरीवर किंवा उक्ता. कधी मालक पैसे देतो, कधी लाकूड चांगलं असेल तर वखारवालाच उभं झाड विकत घेतो आणि टोळी पाठवतो, जळणाचं लाकूड असेल तर वजनकाट्यावर हिशोब. बुडखा मात्र उक्त्यात धरलेला नसतो, तो काढायला जेसीबी लागतो, हे आणि बारकी फाटी कुणाची हे सकाळीच बोलून घ्यावं, नाहीतर संध्याकाळी भांडण ठरलेलं.