महिलांवरील हिंसाचाराविरोधी मोहिमेसाठी निधी: कोल्हापुरातल्या छोट्या संस्थांनी अर्ज कसा करावा

२५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर ही सोळा दिवसांची मोहीम जवळ आली की महिला मंडळांची धावपळ सुरू होते. पथनाट्य, शाळेत व्याख्यान, फलक. पैशांचा प्रश्न तेव्हा आठवतो आणि तोवर उशीर झालेला असतो. निधीच्या कामाला निदान सहा महिने आधी लागा.

अर्ज नोंदणीकृत संस्थेच्याच नावाने करा: ट्रस्ट, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, नफा न वाटणारी कंपनी. बचत गटाला मोहीम करायची असेल तर नोंदणी असलेली संस्था सोबत घ्यावी आणि कोण काय करणार हे आधीच लेखी ठरवावं.

आपल्याकडे सगळ्यात जवळचा मार्ग सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या पैशांचा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या वसाहतींतल्या कंपन्यांकडे आधी जा. ५ कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्यात स्थानिक परिसराला प्राधान्य द्या असं कायदाच सांगतो. स्त्री-पुरुष समानता हा विषय कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये आहे. संस्थेकडे मात्र ३ वर्षांच्या कामाचा अनुभव, आयकराची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, आणि सीएसआर-१ क्रमांक (सीएसआर निधी घेण्यासाठी कंपनी मंत्रालयाकडे केलेल्या नोंदणीचा) हवा. एका दिवसाची रॅली किंवा मॅरेथॉन सीएसआरमध्ये बसत नाही. म्हणून वर्षभराचा प्रकल्प मांडा, सोळा दिवस हा त्याचा एक टप्पा ठेवा.

दुसरा मार्ग गावातच आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत ठराव मांडून तो मागा. विधवा प्रथा बंद करण्याचा मे २०२२ मधला ठराव आपल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनेच केला होता. ठरावाची ताकद आपल्याला कुणी शिकवायला नको.

परदेशी निधीसाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. नवीन संस्थेने त्याच्या मागे लागू नये.

आता कागदपत्रं. नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना (नियमावली), संस्थेचं पॅन, ३ वर्षांचे ऑडिट अहवाल, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, कार्यकारिणीचा ठराव, रद्द केलेला धनादेश. या सगळ्यांपेक्षा जास्त अडतो तो परिशिष्ट १ चा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीचा, विश्वस्तांची नावं असलेला उतारा. एका मंडळाचा प्रस्ताव सगळीकडून पसंत झाला, पण उताऱ्यावर अजून वारलेल्या अध्यक्षाबाईंचंच नाव होतं. ठरावावर सही नव्या अध्यक्षांची, उताऱ्यावर नाव जुन्यांचं. पैसे थांबले. बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाचा अर्ज) दाखल करायचा असतो. तो राहिला असेल तर प्रस्ताव लिहायला बसण्याआधी ते काम करा.

प्रस्तावात ‘जनजागृती करू’ एवढंच लिहू नका. कोणती गावं, किती बैठका, पुरुषांशी कोण बोलणार, हे लिहा. आणि बजेटमध्ये एक रकाना न विसरता घाला: बैठक संपल्यावर थांबून राहिलेल्या बाईसाठी. ती हमखास येते, पदर सावरत, बाकीच्या निघून गेल्यावर. तिला सखी वन स्टॉप सेंटरपर्यंत (पीडित महिलांसाठीचं सरकारी मदत केंद्र) किंवा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांपर्यंत न्यायला रिक्षाभाडं लागतं, सोबत जाणाऱ्या कार्यकर्तीचा दिवस मोडतो, कधी रात्री फोन घ्यावा लागतो. हा खर्च धरलेला नसेल तर आपण तिला बोलतं करून वाऱ्यावर सोडतो. निधी देणाऱ्याने हा रकाना कापायला सांगितला तर फलक कमी करा, हा नको.

अहवालासोबत फोटो मागतात. बैठकीचे द्या, पण ज्या बाईने आपबीती सांगितली तिचा फोटो, नाव, गाव काहीही देऊ नका. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. प्रस्तावातच तसं लिहून टाका, म्हणजे नंतर कुणी आग्रह धरणार नाही.