निकालाच्या आधी पट वाचावा लागतो

दहावीचा निकाल लागला की साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत अभिनंदनाचे फलक लागतात. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे मिळून झालेला कोल्हापूर विभाग गेली काही वर्षे कोकणाच्या पाठोपाठ राज्यात दुसरा येतो. 2023 मध्ये विभागाचा निकाल 96.73 टक्के होता, 2024 मध्ये 97.45. या आकड्यांचा आनंद मलाही होतो. पण परीक्षेला बसलेल्यांपैकी किती पास झाले, एवढेच टक्केवारी सांगते. बसले कोण, हे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडते, आणि साताऱ्यात त्या रजिस्टराची गोष्ट सव्वाशे वर्षांची आहे.

राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी हायस्कुलात 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका मुलाने पहिली इंग्रजीत, म्हणजे इंग्रजी शाळेच्या पहिल्या वर्गात, प्रवेश घेतला. रजिस्टरात क्रमांक 1914, नाव भिवा रामजी आंबेडकर. वडील लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. वर्गात हा मुलगा इतरांपासून वेगळा, घरून आणलेल्या गोणपाटावर बसे. संध्याकाळी ते गोणपाट त्याला घरी न्यावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाची चावी शिपायाने सोडायची, शिपाई नसेल तर तसेच राहायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे हे स्वतःच लिहून ठेवले. म्हणजे नाव पटावर होते आणि बाक नव्हता. सरकारी शाळा ‘सर्वांसाठी’ असते म्हणताना मला दर वेळी हे गोणपाट आठवते. आज ते हायस्कूल छत्रपती प्रतापसिंहांच्या नावाने जिल्हा परिषद चालवते आणि 2017 पासून 7 नोव्हेंबर हा राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

जातीइतकाच दुसरा अडसर अंतराचा होता. हायस्कूल साताऱ्यात, कऱ्हाडात, मुलगा खेड्यात. फी कशीबशी भरली तरी राहायचे कुठे आणि जेवायचे कुणाकडे? नातेवाईक नसेल तर वार लावून, म्हणजे रोज वेगळ्या घरी, जेवायचे, तेही ज्याच्या जातीला दार उघडेल त्याने. हा प्रश्न कर्मवीर भाऊराव पाटलांनी नेमका ओळखला. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये काम साताऱ्याला आले आणि सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उभे राहिले. एकाच चुलीवरचे जेवण, एकाच पंगतीत. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुले शेतात राबत, दगड फोडत, स्वयंपाक करत आणि शिकत. पैसे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने विकले, मंगळसूत्रसुद्धा. 1940 मध्ये ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले, फी नाही आणि राहण्याची सोय शाळेतच. संस्थेच्या शाखांची संख्या नेहमी सांगितली जाते. माझ्या मते त्याहून मोठे काम त्या पंगतीने केले. पट बदलला तो तिथे.

पुढचा बदल सरकारी कागदावर झाला. देवराष्ट्र्याचे, वडील लहानपणीच गेलेले यशवंतराव चव्हाण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकले होते. ते मुख्यमंत्री असताना वर्षाला 900 रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांची फी माफ झाली. ही मर्यादा पुढे 1200 वर गेली. या सवलतीला ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची सवलत, म्हणत; आमच्याकडच्या जुन्या पिढीत ‘ईबीसीवर शिकलो’ हे वाक्य अजून ऐकू येते. मुलींसाठी 1980 च्या दशकात बारावीपर्यंतचे शिक्षण मोफत झाले. तरीही गावात सातवीपर्यंतच शाळा असली की मुलीचे नाव तिथेच थांबे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा एसटीचा मोफत पास आला आणि सकाळच्या गाडीत दप्तर घेतलेल्या मुली दिसू लागल्या.

स्थलांतराचाही पटाशी जवळचा संबंध आहे. पाटण, जावळीच्या खोऱ्यांतले पुरुष मुंबईला गिरणीत किंवा माथाडीत गेले. माण, खटाव, विटा, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली कुटुंबे सोने-चांदी गाळायच्या गलाई धंद्यासाठी देशभर पांगली. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जाणारे मूल पटावरून उतरते. ते दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या भाषेत शिकत असते आणि इथल्या कुठल्याच टक्केवारीत येत नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत इंग्रजी माध्यमाच्या शाळा तालुक्याच्या गावांपर्यंत पोचल्या आणि ज्यांना फी झेपते त्यांनी मुले तिकडे नेली. सरकारी आणि अनुदानित शाळांत उरली ती मुख्यतः मजुरांची, अल्पभूधारकांची, बाहेरून पोट भरायला आलेल्यांची मुले. मग दोन शाळांचे निकाल शेजारी ठेवून एक चांगली, दुसरी वाईट म्हणणे अन्यायाचे आहे. ज्या घरात अक्षर ओळखणारे कुणी नाही, त्या घरच्या मुलाचे साठ टक्के गुण शिक्षकाकडून जास्त मेहनत मागतात. शिवाय ‘शंभर टक्के’चा हट्ट धरला की नववीतल्या कच्च्या मुलाला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगण्याचा मोह होतो. त्यातून फलकावरचा आकडा वाढतो आणि त्या मुलाची शाळा सुटते. मला हे फार लागते.

आता उसाचा हंगाम घ्या. ऊसतोडीच्या टोळ्या बीडसह मराठवाड्यातून ऑक्टोबर-नोव्हेंबरात कृष्णाकाठी उतरतात, फडाशेजारी कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, बांधतात आणि मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र आणि दहावीची परीक्षा नेमकी त्या महिन्यांत. मुलाचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असते, मूल मात्र इथल्या फडात. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहे निघाली, आणि जिथे ती नीट चालली तिथे मुले आजी-आजोबांजवळ राहून शिकली. बाकीची पहाटे आईबरोबर मोळ्या बांधतात. एप्रिलमध्ये कोप्या मोडतात, बैलगाड्या परतीला लागतात, आणि तोवर गावच्या शाळेत परीक्षेचे शेवटचे पेपर संपलेले असतात.