ताई-दादांच्या जिवावर वाढणारी पिल्लं

प्राण्यांवरच्या माहितीपटात कोल्ह्याची भूमिका ठरलेली असते. सिंह जेवतोय आणि हा बाजूला टपून बसलाय. लबाड, आपमतलबी! टांझानियातल्या सेरेंगेटीत संशोधक पॅट्रिशिया मोहलमन यांना दिसलेला काळ्या पाठीचा कोल्हा मात्र वेगळाच होता. त्यांचा शोधनिबंध १९७९ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला.

हे कोल्हे बहुधा जन्मभर एकाच जोडीदाराबरोबर राहतात. वाळवीच्या जुन्या वारुळात किंवा आयत्या बिळात पिल्लं होतात. आदल्या वर्षीची काही पिल्लं वयात येऊनही घर सोडत नाहीत. शिकारीहून परतलेल्या ताईच्या तोंडाला धाकटी चाटू लागली, की ती अर्धवट पचलेलं मांस त्यांच्यापुढे ओकते. दूध पाजणाऱ्या आईलाही असाच घास मिळतो. तरस बिळाजवळ आला तर त्याच्या मागच्या पायांना चावे घेऊन त्याला पिटाळायचं कामही हीच मंडळी करतात.

यात त्यांचा काय फायदा? स्वतःच्या पिल्लात आपली निम्मी जनुकं उतरतात. सख्ख्या भावंडाशीही सरासरी निम्मीच जुळतात. सावत्र असेल तर पाव. आईबापांची जोडी टिकते म्हणून इथे भावंडं सख्खी. मोहलमन यांच्या नोंदींत दर मदतनिसामागे सरासरी सुमारे दीड पिल्लू जास्त जगलं. एकट्या जोडप्याचं जेमतेम एखाददुसरं जगतं, आणि त्याआधी जोडीदार आणि हद्द मिळायला हवी. जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४मध्ये मांडलेला नियम हाच: नात्याचं प्रमाण गुणिले भावंडाचा फायदा, हा आकडा स्वतःच्या तोट्याहून मोठा असेल तर मदत करणारी जनुकं पसरतात. तोटा इथे न झालेल्या पिल्लांत मोजायचा, तोही नात्याच्या त्याच मापाने. म्हणजे दीडाचं निम्मं एका बाजूला, एकाचं निम्मं दुसऱ्या बाजूला. कोल्ह्याला अर्थातच यातलं काही कळत नाही. हिशेब नैसर्गिक निवडीचा आहे.

आपला कोल्हा वेगळ्या प्रजातीचा. जनुकांनी तो या आफ्रिकी भाऊबंदापेक्षा लांडग्याला जवळचा. त्याच्या नावाने 'कोल्ह्याचं शिंग' म्हणून केसाळ गाठी विकतात, नशीब उघडायला. कोल्ह्याला शिंग नसतं. घेणाऱ्याचं नशीब उघडेल ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली!

सेरेंगेटीच्या आकड्यांत एक मेख आहेच. जिथे खाणं मुबलक, तिथे पिल्लंही जास्त जगणार आणि थोरलीही घरीच थांबणार. मग श्रेय मदतीचं की हद्दीचं? खात्री करायची तर मदतनीस बाजूला काढून पिल्लं मोजावी लागतील.