शिआनच्या तलवारींना क्रोमचा मुलामा नव्हताच

'चिन्यांना २,२०० वर्षांपूर्वी क्रोमचा मुलामा देता येत होता' हे वाक्य तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. १९७४मध्ये चीनमधल्या शिआन शहराजवळ विहीर खणताना चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग याच्यासोबत पुरलेलं मातीच्या पुतळ्यांचं सैन्य सापडलं. त्याची काशाची हत्यारं लखलखीत निघाली, काहींवर क्रोमियम आढळलं, आणि झालं! गंजरोधक मुलामाच ठरला तो.

२०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या काशाच्या ४६४ वस्तू तपासल्या. क्रोमियम मिळालं फक्त ३७ वस्तूंवर. तेही मुख्यतः लाकडी मुठी-दांड्यांजवळच्या भागांवर; सर्वांत चकाकणाऱ्या पात्यांवर जवळजवळ नाहीच. मग ते आलं कुठून? पुतळ्यांना आणि लाकडाला लावलेल्या, झाडाच्या चिकापासून केलेल्या रोगणातून. मातीत ते झिरपलं आणि शेजारच्या धातूला चिकटलं, इतकंच.

पाती टिकली त्याला कारणं साधी: काशात कथिल भरपूर, आणि माती बारीक कणांची, किंचित अल्कधर्मी. संशोधकांनी काशाचे नवे तुकडे शिआनच्या मातीत पुरून चार महिने कडक उष्ण-दमट हवेत ठेवले. ते जवळपास जसेच्या तसे राहिले. ब्रिटनच्या मातीतले मात्र पार गंजले.